कॉलरवरचा बिब्बा

माझ्या मानेवर, केस संपतात तिथे, एक त्रिकोण आहे. करंगळीच्या नखाएवढा, तपकिरी, आणि त्याच्या पोटात एक ठिपका. केस कापणारी बाई दर वेळी विचारते, हा टॅटू कुठे करून घेतला? मी म्हणते, घरी, गॅरेजमध्ये, सासूबाईंनी केला. यावर ती कात्री थांबवून आरशातून माझ्याकडे बघते आणि पुढचं काही विचारत नाही.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आमचं ढोलताशा पथक आहे. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपपुढे वाकून बसणारी बेचाळीस माणसं शनिवारी एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये कमरेला ढोल बांधून उभी राहतात. मला ढोल येत नाही. दोन वर्षं वाट पाहून पथकप्रमुखांनी "तुझं ऑर्गनायझेशन मात्र छान आहे हं" असं म्हटलं आणि मला गणवेशप्रमुख केलं. गॅदरिंगमध्ये ज्याला गाता येत नाही त्याला पडदा ओढायला देतात, त्यातलाच हा प्रकार. पण मी काम मनावर घेतलं. मी कुठलंही काम मनावर घेते, आणि हा माझा दोष आहे याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

गणवेश म्हणजे पांढरा झब्बा. पूर्वी प्रत्येक जण आपापला झब्बा घरी धुवायचा, तेव्हा मिरवणुकीत कुणी पांढरा, कुणी निळसर, कुणी हळदीचा डाग मिरवत यायचा. मी जाहीर केलं की सगळे झब्बे एकत्र, माझ्या घरी, एकाच साबणाने धुतले जातील. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही. पहिल्याच धुण्यानंतर माझ्या हॉलमध्ये बेचाळीस एकसारख्या झब्ब्यांचा ढीग पडला आणि कुठला कुणाचा हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

"साईझ बघून वाटून टाक ना," नवरा म्हणाला. त्यातले सव्वीस झब्बे मीडियम होते. शिवाय दुसऱ्याने घाम गाळलेला झब्बा धुतल्यावरसुद्धा घालायला कुणी तयार नसतं. मी मार्करने नावं लिहिली, ती दोन धुण्यांत गेली. इस्त्रीने चिकटवायचे स्टिकर आणले, ते ड्रायरमध्ये वितळून एकमेकांना चिकटले. सेफ्टी पिना लावल्या, त्यातली एक ऐन रंगात आलेल्या ताशावाल्याला टोचली, आणि त्याने मारलेली उडी लोकांना नवीन स्टेप वाटली.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकट्या, सहा महिन्यांसाठी. त्यांचं माहेर साताऱ्याकडचं. वडिलांची तालुक्याच्या गावी लाँड्री होती. लाँड्री हा बोर्ड त्यांच्या भावाने नंतर लावला, त्याआधी नदीवरचं धुणं आणि कोळशाची इस्त्री. वडील परीट होते आणि सासूबाई हे कुणालाही सरळ सांगत. मी मात्र इथल्या मराठी मंडळातल्या बायकांशी ओळख करून देताना म्हणाले, "आईंच्या माहेरी टेक्स्टाइलचा बिझनेस होता." असं का म्हणाले, कोण जाणे. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या बाईला नमस्कार केला.

इथे त्यांना करायला काही नव्हतं. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं आणि दुसरं मशीन वाळवतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतःची लुगडी बाथटबमध्ये धुऊन डेकच्या कठड्यावर वाळत घातली, तर कॉलनीच्या असोसिएशनचं अतिशय सभ्य भाषेतलं पत्र आलं. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. मी म्हटलं, "आई, ते म्हणतायत की लोकांना आपले कपडे दिसतात."

"मग त्यांनी नये बघू," सासूबाई म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांनी काही वाळत घातलं नाही. त्या खिडकीशी बसायला लागल्या. परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं, तरी दर रविवारी चहा झाला की विचारायच्या, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ गं." मी "बघते" म्हणायचे आणि बघायचे नाही. मला राग यायचा. एवढं सगळं करतो आपण, आणि यांना इथे करमतच नाही म्हणजे काय? त्यांच्या हाताला काम नाही हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

तर मी त्या ढिगात फतकल मारून बसले होते आणि शिंप्यापासून पथकप्रमुखापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते. सासूबाई खिडकीतून उठून आल्या, एक झब्बा उचलला, घेर अंगठ्याने चाचपला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बिब्बा आहे."

मी पुण्यात वाढले. बिब्बा मला दोनच ठिकाणी माहीत. रिक्षाच्या पुढे लिंबू-मिरचीबरोबर लटकलेला, आणि "चांगल्या कामात बिब्बा घालू नकोस" या आमच्या आईच्या तोंडच्या वाक्यात. सासूबाईंनी तिळाच्या डब्यात हात घालून एकेक करत अकरा काळ्या बिया काढल्या, बदामासारख्या चपट्या, तुळतुळीत. टाचांच्या भेगांसाठी आणल्या होत्या. विमानतळावरचा कुत्रा त्यांची पिशवी दोनदा हुंगून गेला होता म्हणे. त्याला कदाचित जिवाची काळजी असेल.

त्या दिवशी सासूबाई जेवढं बोलल्या तेवढं महिनाभरात बोलल्या नव्हत्या. लहानपणी त्या वडिलांबरोबर घाटातल्या रानात जायच्या. वडिलांना त्या अण्णा म्हणत. बिब्ब्याचं झाड दिसलं की अण्णा पोरांना लांब उभं करायचे आणि एकटे पुढे व्हायचे. मोठमोठ्या पानांचं झाड. पावसात त्याच्याखाली कुणी उभं राहत नाही, पानावरून ठिबकलेल्या पाण्यानेही अंग उततं, फोड येतात. लाकूडतोड्या त्याला कुऱ्हाड लावत नाही. आणि एवढं आग्यावेताळ झाड असून त्याचं काही म्हणून वाया जात नाही. बीच्या बुडाशी नारिंगी गर असतो, तो भाजून खायचा, गोड लागतो. बी फोडून आतली गोडंबी काढायची, ती बाळंतिणीच्या लाडवांत. जुनाट खोकल्याला दुधातून थेंबभर तेल, पण ते देणारा माणूस जाणता हवा. टाचेच्या भेगेला गरम बिब्ब्याचा चटका. आणि परटाला खूण करायला याच्यासारखी शाई नाही.

"कापड विरून जाईल, खूण जायची नाही," त्या म्हणाल्या. "अण्णांना लिहिता येत नव्हतं. पण तीनशे घरांच्या खुणा तोंडपाठ."

मला एकदम पराकोटीचा आनंद झाला. नैसर्गिक, हर्बल, केमिकल-फ्री आणि आपल्या परंपरेतलं! मी तिथल्या तिथे पथकाच्या ग्रुपवर टाकलं की यंदा गणवेशावर पारंपरिक हर्बल शाईने खुणा होणार आहेत. एकतीस अंगठे आले.

सासूबाई म्हणाल्या, "खाली घेराला करू, आतून. आणि चार दिवस कडक ऊन द्यायचं, मग दोनदा धुवायचे."

"आई, घेराला नको. कॉलरवर करा. म्हणजे घडी न मोडता दिसेल."

"अगं, अंगाला लागतं तिथं करत नाहीत. अण्णांनी कधी केली नाही."

"अहो आई, इथे सिस्टिम वेगळी असते. शनिवारी फुल ड्रेस प्रॅक्टिस आहे, चार दिवस कुठून आणू? ड्रायरमधून काढू, झालं."

त्यांनी पुन्हा एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या घरात माझ्याशी वाद घालण्याचा हा शेवटचा टप्पा असतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे.

गॅरेजमध्ये चटई टाकली. सासूबाईंनी कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं, तोंडाला ओढणी बांधली आणि मेणबत्ती पेटवून बसल्या. बिब्ब्याला दाभण खुपसायचं, ज्योतीवर धरायचं, काळं तेल सुटलं की सुईच्या टोकाने कापडावर खूण उमटवायची, वर जवळच्या एडिसन गावातल्या पानवाल्याकडून आणलेल्या चुन्याचं बोट. खूण बघता बघता काळीभोर व्हायची. एक ठिपका, दोन ठिपके, आडवी रेघ, फुली, कोयरी, चांदणी. माझी पंधरा वर्षांची मुलगी समोर बसून कुठली खूण कुणाची ते एक्सेलमध्ये भरत होती. ती एरवी आजीशी "हाय" आणि "बाय" यापलीकडे जात नाही. त्या दिवशी म्हणाली, "आजी, धिस इज लाइक अ सीक्रेट कोड!" आजीला सीक्रेट कळलं नाही, पण कौतुक कळलं.

मधेच सासूबाई म्हणाल्या, "त्रिकोण आणि पोटात ठिपका, ही खूण कुणाला देऊ नका. ती हिच्या झब्ब्याला." म्हणजे माझ्या. मी हो म्हटलं आणि मनात दुपारपर्यंत किती झब्बे होतील याचा हिशोब करत राहिले. पण एक गोष्ट माझ्याही लक्षात आली होती. ओढणीच्या वर दिसणारे त्यांचे डोळे इथे आल्यापासून पहिल्यांदा हसत होते. बेचाळिसावा झब्बा झाला तेव्हा त्या कंबर धरून उठल्या आणि आणखी काही आहे का म्हणून विचारलं.

शनिवारी ऑगस्टचं ऊन होतं. सगळ्यांनी तीन तास जीव तोडून वाजवलं. उभ्या कॉलरी घामाने मानेला चिकटल्या. झब्बे वाटायला मला चार मिनिटं लागली आणि माझाही झब्बा चढवून मी दिवसभर हवेत होते.

सोमवारी सकाळी ग्रुपवर पहिला फोटो आला. कुणाची तरी मान, आणि तिच्यावर लालभडक फुली. मग दोन ठिपके आले. मग कोयरी. कुणी म्हणालं ढेकूण, कुणी म्हणालं पार्किंग लॉटमागच्या झाडीतली पॉयझन आयव्हीची खाजरी वेल, एकाने ताशाच्या कातड्यावर संशय घेतला, आणि एक बाई म्हणाल्या की परवा आपण फारच छान वाजवलं, ही दृष्ट आहे. मुलगी माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "मॉम, देअर्स अ ट्रायँगल ऑन युअर नेक." तोपर्यंत मला वाटत होतं डास चावला असेल. संध्याकाळपर्यंत सतरा माना झाल्या. खाज अशी की माणूस मीटिंगमध्ये पेन्सिल घेऊन मागून खाजवायला लागतो. नवराही पथकात ढोल वाजवतो, पण त्याला काही झालं नाही. त्याला कधीच कशाचं काही होत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. नुसती मान बघून झब्बा कुणाचा हे आता बिनचूक सांगता येत होतं.

मंगळवारी डॉक्टर काका आले. हे मूळचे नागपूरचे, पंचेचाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले, आता रिटायर्ड, आणि पथकात ध्वज धरतात. त्यांच्या मानेवर दोन आडव्या रेघा होत्या. त्यांनी मला दिव्याखाली उभं केलं, माझी मान पाहिली आणि टाळी वाजवली.

"अगं, हा तर बिब्बा उतून राहिला! इतक्या वर्षांनी पाहिला यार मी!" त्यांना एवढा आनंद झालेला मी ध्वज धरतानाही पाहिला नव्हता. मग त्यांनी सांगितलं की बिब्बा, पॉयझन आयव्ही, काजू आणि आंबा ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी, घाबरायचं कारण नाही, मलम लावा, दोन आठवड्यांत जाईल. मग चष्मा काढून विचारलं, "लावला कोणी?"

"आईंनी," मी म्हणाले.

"पण कॉलरवर कशी केली त्यांनी खूण? आमच्याकडचा परीट तर खाली करायचा, घेराला."

आतल्या स्वयंपाकघरात सासूबाई भांडी लावत होत्या. ते मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "असेल त्यांच्याकडे तशी पद्धत."

भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. डॉक्टर काका चहा पिऊन गेले. सासूबाई बाहेर आल्या, कप उचलले आणि म्हणाल्या, "तिकीट आज बघच." रविवार नव्हता.

मी लॅपटॉप उघडून बसले आणि काही बघितलं नाही. मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लाज रागासारखी बाहेर पडत होती. नवऱ्याला बोलले, मुलीला बोलले, ड्रायरला लाथ मारली. सासूबाईंना जाऊन "चुकलं माझं" म्हणायला दहा पावलं चालायची होती, तेवढी चालले नाही.

गणपती दहा दिवसांवर आले होते. पुढच्या रविवारी दुपारी लायब्ररीच्या खोलीत पथकाची मीटिंग भरली. माना मलमाने पांढऱ्या. विषय एकच, झब्बे टाकून द्यायचे का, आणि ही हर्बल शाई आली कुठून. सासूबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. मी म्हटलं होतं, आई, तुम्ही नका येऊ. त्या म्हणाल्या, येते. मी गाडीत मनातल्या मनात एक वाक्य घोटत होते, "काही कम्युनिकेशन गॅप झाली." वाक्य चांगलं होतं. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं.

पथकप्रमुख माझ्याकडे वळले आणि मी उठायच्या आत शेवटच्या रांगेत सासूबाई उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घेतलेला, हात जोडलेले.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "खूण मी केली. आमच्याकडे तशीच पद्धत होती. वडिलांनी तसंच शिकवलं होतं."

आणि बसल्या.

डॉक्टर काकांना मी सांगितलेलं खोटंच त्यांनी उचललं होतं. मला वाचवायला त्यांनी अण्णांना पुढे केलं होतं, ज्यांच्या खुणेने तीनशे घरांत कधी कुणाची कातडी उतली नाही त्या अण्णांना. मी उभी राहिले आणि ते घोटलेलं वाक्य आठवेना. तोंडातून ऑफिसची भाषा बाहेर पडली.

"रूट कॉज मी आहे," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. मग मी सगळं सांगितलं, भरभर, नाक ओढत. त्यांच्याकडे तशी पद्धत नव्हती. त्या घेराला म्हणत होत्या, मी कॉलर म्हटलं. त्या चार दिवस ऊन म्हणत होत्या, मी ड्रायर लावला. डॉक्टर काकांशी मी खोटं बोलले. आणि त्यांच्या माहेरी टेक्स्टाइलचा बिझनेस वगैरे नव्हता. त्यांचे वडील परीट होते, लिहिता न येता तीनशे घरांचे कपडे ओळखणारे, आणि मला एक्सेल येऊन बेचाळीस ओळखता आले नाहीत.

मला वाटलं, गेलं आता गणवेशप्रमुखपद, आणि बरं झालं. तेवढ्यात डॉक्टर काका उठले आणि सासूबाईंसमोर जाऊन त्यांनी हातातल्या पिशवीतून आपला झब्बा काढला.

"वहिनी, माझ्या झब्ब्याला नवी खूण करून द्या. खाली घेराला. मानेवर आता जागा नाही."

हशा झाला, खरा, मोठा. सासूबाईंनी झब्बा हातात घेतला, घेर अंगठ्याने चाचपला. "चार दिवस ऊन लागेल," त्या म्हणाल्या, आणि या वेळी सगळी खोली हो म्हणाली.

मी सगळ्या कॉलरी उसवून नव्या लावून घेतल्या. गॅरेजमध्ये पुन्हा चटई पडली. बेचाळीस झब्बे आमच्या डेकच्या कठड्यावर, जिन्यावर, शेजारच्या दोन मेपलमध्ये बांधलेल्या दोरीवर चार दिवस फडफडत होते. असोसिएशनचं दुसरं पत्र आलं, पहिल्याइतकंच सभ्य. मी उत्तर लिहिलं की हा धार्मिक विधी आहे. तेव्हा खोटं बोलायचं ठरवून बोलले आणि काही वाटलं नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत कुणाचं काही उतलं नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मुलीकडून ग्रुपवरचे सगळे मेसेज वाचून घेतले आणि मग कुठे जेवल्या.

पुढच्या रविवारी चहा झाला. त्यांनी तिकिटाचं काढलं नाही, तेव्हा मीच विचारलं, "आई, तिकीट बघू का?"

"इकडे बस," त्या म्हणाल्या. मला समोर खाली बसवलं, केस बाजूला केले आणि मानेला खोबरेल लावायला लागल्या. खपली निघून गेली होती, त्रिकोण राहिला होता. त्यांनी त्यावर बोट फिरवून पाहिलं. "एक कड वाकडी आलीय. अण्णा रागावले असते."

मी विचारलं, "आई, ही खूण कुणाची होती हो? त्या तीनशे घरांतल्या कुठल्या घराची?"

"गिऱ्हाइकाची नाही ती," त्या म्हणाल्या. "आमच्या घरच्या कपड्यांना असायची."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्यांनी तेलाचा हात माझ्या मानेवरून फिरवला, बाटलीचं झाकण लावलं आणि दिवाळीला पथक वाजवणार आहे का, म्हणजे झब्बे लवकर धुवायला काढता येतील, असं विचारलं. तिकीट डिसेंबरचंच राहिलं.